तिशीतल्या कानांसाठी श्रवणयंत्र: परीक्षण मशीनचं आणि ते बसवणाऱ्याचंही

मत आधीच सांगून टाकते. कानामागे बसणारं, बारीक वायरीने कानात आवाज सोडणारं, रिचार्जेबल आणि ब्लूटूथवालं श्रवणयंत्र मी दोन्ही कानांना वापरते आणि ते कायम ठेवायचं ठरवलं आहे. शांत खोलीतल्या बोलण्यासाठी ते उत्तम आहे, फोनसाठी वाटलं होतं त्याहून चांगलं, गोंगाटात ठीक, आणि संगीतासाठी कच्चं. पण हे सगळं म्हणता येतं ते एका ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाने, ते माझ्या कानात प्रत्यक्ष मोजून बसवल्यावर. त्याआधी हेच मॉडेल याच कानांत असताना ते परत करायच्या विचारात मी होते. म्हणून कंपनीचं नाव इथे देत नाहीये. मोठ्या कंपन्यांच्या एकाच दर्जाच्या मशीनमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून कितीतरी जास्त फरक एकाच मशीनच्या दोन वेगवेगळ्या सेटिंगमध्ये पडतो. नाव वाचून कुणी तेच मॉडेल घेतलं आणि ते डब्यातून काढल्यासारखं कानात अडकवलं, तर माझ्या परीक्षणाचा त्यांना काही उपयोग नाही.

मी माध्यमिकच्या वर्गांना गणित शिकवते. मला आवाज येत नाहीत असं नाही. आवाज येतात, शब्द कळत नाहीत. ज्यांना असा त्रास आहे त्यांना हे एका वाक्यात समजेल, आणि ज्यांना नाही त्यांना समजावताना दमछाक होते. ऐकण्याच्या चाचणीचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. त्यात हर्ट्झ म्हणजे आवाजाची पट्टी, आणि डेसिबल म्हणजे तो ऐकू यायला किती मोठा लागतो ते. माझा ऑडिओग्राम पाहिला तर २५० आणि ५०० हर्ट्झला रेषा १०-१५ डेसिबलवर, म्हणजे अगदी नॉर्मल. १००० पर्यंत ती टिकते, २००० ला ३५ वर उतरते आणि ४००० ला थेट ६० च्या आसपास. दोन्ही कान जवळजवळ सारखे. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, त्यामुळे समोरचा बोलतोय, मोठ्याने बोलतोय, चिडून बोलतोय हे सगळं मला कळतं. पण स, श, फ, थ, ख यांची ओळख पटवणारी सळसळ वरच्या पट्टीत असते. स चा बराचसा भाग ४००० हर्ट्झच्या वर, आणि लहान मुलांच्या आवाजात तर आणखी वर.

गणिताच्या वर्गात याचा अर्थ काय होतो पाहा. मागच्या बाकावरचं मूल उत्तर देतं, ते सहा की दहा? साठ की आठ? पहिलं व्यंजन गळलं की हाती उरतो तो नुसता स्वर. मग मी उत्तर फळ्यावर येऊन लिहायला सांगायचे, ओठांकडे बघायचे, पुढच्या बाकावरच्यांना ‘काय म्हणाला, सांग बरं’ म्हणायचे. दिवस निभून जायचा. संध्याकाळी मात्र डोकं इतकं जड व्हायचं की घरातल्या कुणाशी बोलायची इच्छा राहत नसे. हा थकवा ऐकू न येण्याचा असतो, हे मला एका ऑडिओलॉजिस्टने सांगितलं. गळलेली अक्षरं अंदाजाने भरत राहण्यात मेंदू दिवसभर जुंपलेला असतो. तरुण माणसाच्या बाबतीत हे हमखास झाकलं जातं, कारण तो अंदाज भरण्यात पटाईत असतो. सगळ्यांना वाटतं, हिचं लक्ष नाही.

मशीनकडे वळण्याआधी एक गोष्ट ठासून सांगते. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग मशीन. विशी-तिशीत कमी ऐकू येण्याची कारणं बरीच असतात आणि त्यातली काही मशीनविना सुटतात. कधी नुसता मळ असतो, कधी मधल्या कानात पाणी किंवा पडद्याला भोक. ओटोस्क्लेरोसिस नावाचा आजार याच वयात डोकं वर काढतो. त्यात कानातलं रिकिबीसारखं इवलंसं हाड जखडतं, आणि त्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते. आणि एका कानाचं ऐकणं अचानक, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत गेलं, तर ती तातडीची वेळ आहे. सर्दीने कान बंद झाला असेल म्हणून वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. स्टिरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल तितका त्याचा फायदा होण्याची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत हे सगळं तपासून झालं. बिघाड आतल्या कानातल्या केसपेशींचा निघाला, आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा उरलं ते मशीनच.

आता दुकानाची गोष्ट. पहिल्या ठिकाणी गेले तेव्हा तिथल्या माणसाने पहिल्या पाच मिनिटांत कानात पूर्ण आत बसणारं, बोटाच्या पेरापेक्षा लहान मशीन हातात ठेवलं. ‘तुमच्या वयाला हेच शोभेल, कुणाच्या लक्षातही येणार नाही.’ माझा ऑडिओग्राम तोवर त्याने नीट पाहिलाही नव्हता. तरुण गिऱ्हाईक म्हणजे लपवायला आलेलं गिऱ्हाईक, असं तिथे गृहीतच धरलेलं. मला याचा मनापासून राग आला. लपवावंसं वाटणं गैर आहे असं मी म्हणत नाही, ज्याला वाटतं त्याने लपवावं. पण त्यासाठी काय सोडावं लागतं ते सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. अगदी लहान मशीनमध्ये दोन मायक्रोफोन मावत नाहीत, म्हणजे समोरच्याचा आवाज निवडून घेण्याची ताकद कमी होते. बॅटरी छोटी. बहुतेकांत फोनशी थेट जोडणी नाही. आणि माझ्यासारख्या ज्यांची खालची पट्टी शाबूत आहे, त्यांच्या कानाची नळी बंद करून टाकणं म्हणजे जे फुकट चांगलं ऐकू येतं त्यालाच बूच मारणं. शिवाय स्वतःचा आवाज डोक्यात घुमायला लागतो. दिवसभर शिकवणाऱ्या बाईला स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा ऐकत राहणं किती नकोसं होईल!

म्हणून मी कानामागचं घेतलं. याला रिसिव्हर-इन-कॅनल म्हणतात, सगळे ‘आरआयसी’च म्हणतात. मायक्रोफोन, चिप आणि बॅटरी कानामागे, तिथून केसासारखी बारीक वायर, आणि तिच्या टोकाला कानात बसणारा इवलासा स्पीकर. त्यावर मऊ सिलिकॉनची टोपी, तिला डोम म्हणायचं. माझा डोम उघडा आहे, म्हणजे त्याला भोकं आहेत. खालच्या पट्टीचे आवाज नेहमीसारखे आपल्या वाटेने आत जातात आणि मशीन फक्त वरच्या पट्टीचं देणं देतं. उतरत्या ऑडिओग्रामला ही रचना चपखल बसते. ज्यांची खालची पट्टीही गेली आहे त्यांना बंद डोम किंवा कानाच्या मापाचा मोल्ड लागेल, नाहीतर मशीन शिट्टी मारत राहील. कानात सोडलेला आवाज बाहेर निसटून पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की ती शिट्टी होते.

घातल्यावर मशीन जाणवतं का? पहिल्या आठवड्यात वायरीची खाज, नंतर काही नाही. चष्मा आणि मशीन एकाच कानामागे नीट राहतात, पण आधी चष्मा आणि मग मशीन, हा क्रम पाळावा लागतो. मास्क काढताना मात्र सावध. मास्कच्या दोरीत अडकून मशीन उडून जाऊ शकतं, त्यामुळे तोंडाला लावताना मी डोक्यामागे बांधायचा मास्क वापरते. रंग मी गडद निळा घेतला. मुलांनी एक दिवस ‘बाई, हे काय?’ विचारलं, मी मशीन काढून दाखवलं, त्यात मायक्रोफोन कुठे आहे ते दोघांनी शोधलं, आणि विषय संपला. पुढच्या तासाला मागच्या बाकावरचा एकजण उत्तर द्यायला आपणहून उभा राहून, माझ्याकडे तोंड करून बोलला.

आता या परीक्षणाचा गाभा. पहिल्या ठिकाणी मशीन बसवलं ते असं: ऑडिओग्राम संगणकात भरला, कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबलं, मशीनमध्ये सेटिंग उतरलं, ‘कसं वाटतंय?’ विचारलं, संपलं. बटण दाबून जे मिळतं त्याला ‘फर्स्ट फिट’ म्हणतात. कंपन्यांचा ‘फर्स्ट फिट’ सहसा मवाळ असतो, वरच्या पट्टीत मुद्दाम हात आखडता घेतलेला, म्हणजे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कर्कश वाटू नये. वाटतंही छान. पण स जिथे असतो तिथेच मदत अपुरी. मी तिथून बाहेर पडले तेव्हा सगळं किंचित मोठं झालं होतं आणि सहा-दहाचा घोळ होता तसाच होता. पुन्हा गेले, तर ‘सवय होईल’ एवढंच उत्तर मिळालं.

दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टकडे गेले ती फक्त एका प्रश्नासाठी: तुम्ही रिअल-इअर मेजरमेंट करता का? ‘हो, त्याशिवाय मी मशीन देतच नाही,’ असं उत्तर आलं. ती मोजणी कशी होते ते सविस्तर सांगते, कारण कुणी करून दिली नसेल तर ती मागता आली पाहिजे. मला एका स्पीकरसमोर हातभर अंतरावर बसवलं. कानात आधी दोरीएवढी बारीक, मऊ सिलिकॉनची नळी सरकवली. तिचं टोक पडद्यापासून जेमतेम पाच मिलिमीटरवर थांबवायचं असतं. नळी आत जाताना ऑडिओलॉजिस्ट दर वेळी दुर्बिणीतून बघत होत्या. नळीचं दुसरं टोक एका मायक्रोफोनला. मग त्याच कानात माझं मशीन चढवलं. म्हणजे मशीन पडद्यापाशी नेमका किती आवाज पोचवतंय हे आता आतूनच मोजता येणार. कागदावरचा अंदाज संपला. माझ्या कानाची नळी अरुंद की रुंद, लांब की आखूड, डोम किती घट्ट, सगळं त्या मोजणीत आपोआप आलं.

स्पीकरमधून जो आवाज येतो तो ऐकण्यासारखा आहे. बाईचा आवाज, बोलण्याची लय, चढउतार, श्वास, सगळं आहे, पण एक शब्द कळत नाही. मी विचारलं तेव्हा कळलं की तो मुद्दाम तसा बनवलेला आहे. अरबी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, मँडरिन आणि स्पॅनिश बोलणाऱ्या सहा बायकांच्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करून ते एकमेकांत मिसळलेत. कुठल्याच एका भाषेचा नाही, पण माणसाच्या बोलण्याचे सगळे गुण त्यात आहेत. मशीनला ते खरं बोलणंच वाटतं, त्यामुळे ते त्याला गोंगाट समजून दाबत नाही. हा आवाज आधी हळू, मग साधारण बोलण्याएवढा, मग मोठा असा वाजवला. संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा: एक लक्ष्याची, माझ्या ऑडिओग्रामवरून सूत्राने काढलेली, आणि एक माझ्या मशीनची. लक्ष्यासाठी त्यांनी नॅल-एनएल२ हे सूत्र वापरलं. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजने तयार केलेलं ते सूत्र जगभर चालतं. १५०० हर्ट्झपर्यंत दोन्ही रेषा हातात हात घालून. २००० नंतर माझी रेषा खाली सुटत गेली, आणि ३००० ते ४००० मध्ये ती लक्ष्याच्या इतकी खाली होती की पट्टी लावून बघायची गरजच नव्हती. मी जे सांगत होते आणि ‘सवय होईल’ म्हणून ज्याची बोळवण झाली होती, ते तिथे रेषेत काढलेलं दिसत होतं.

त्यांनी तो भाग उचलला. एका झटक्यात नाही. आधी लक्ष्याच्या थोडं खाली ठेवून आठवडाभराने पुन्हा यायला सांगितलं. हळू आवाज जास्त उचलायचा, मोठा आवाज कमी, आणि एका मर्यादेपलीकडे जाऊच द्यायचा नाही, हेही त्याच वेळी पाहिलं. केसपेशी गेलेल्या कानाची एक विचित्र गोष्ट असते: हळू आवाज येत नाही, पण मोठा आवाज इतरांएवढाच, कधी जास्तच टोचतो. म्हणून कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून बोलू नये. मशीनने सगळंच सारखं मोठं केलं तर तेही एक प्रकारचं ओरडणंच झालं. बाहेर पडताना दाराशी त्या मला काहीतरी म्हणाल्या, त्यांचा चेहरा संगणकाकडे होता. मला ते कळलं. ओठ न बघता.

त्यानंतरचे काही आठवडे सुखाचे होते असं म्हणणार नाही. कागद चुरगळल्याचा आवाज अंगावर यायचा, भांडी आदळली की मी दचकायचे, खडूचा फळ्यावरचा आवाज नकोसा व्हायचा. वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूला मिळाले नाहीत, ते बिनमहत्त्वाचे म्हणून बाजूला टाकायला त्याला पुन्हा शिकावं लागतं. त्यासाठी मशीन दिवसभर लावणं हाच उपाय आहे. फक्त शाळेत लावायचं आणि घरी काढून ठेवायचं असं केलं तर मेंदू रोज नव्याने सुरुवात करतो. माझ्या ऑडिओलॉजिस्टला ते तपासताही येतं. मशीन रोज सरासरी किती तास चालू होतं याची नोंद त्यातच राहते, आणि ती बघूनच त्या पुढची वाढ देत होत्या.

गोंगाटाबद्दल आता सरळ सांगते, कारण जाहिराती इथेच सगळ्यात जास्त फेकतात. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत आठ-दहा जण बोलत असतात तेव्हा हे मशीन मदत करतं, पण चमत्कार करत नाही. दोन मायक्रोफोनांपैकी कुठल्यावर आवाज क्षणभर आधी पोचला हे मोजून ते समोरून येणारा आवाज पुढे करतं आणि मागचा दाबतं. हे खरोखर उपयोगाचं आहे. मी भिंतीकडे पाठ करून बसते, म्हणजे मागून येणारं काहीच नसतं, आणि ज्याच्याशी बोलायचं तो समोर. ‘नॉइज रिडक्शन’ नावाची जी दुसरी सोय असते, तिने पंख्याची घरघर कमी होते, दमायला कमी होतं, पण तेवढ्याने शब्द जास्त कळतात असं मला जाणवलं नाही, आणि ऑडिओलॉजिस्टनेही तसं वचन दिलं नाही. न्यूरल नेटवर्कवर शिकवलेल्या नव्या चिपा बोलणं आणि गोंगाट वेगळे करण्यात पुढे गेल्या आहेत. माझ्या मशीनमध्ये त्या पिढीची चिप नाही, म्हणून त्याबद्दल मत देत नाही.

वर्गातला मागचा बाक हा गोंगाटापेक्षा अंतराचा प्रश्न आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. खोलीत भिंतींवरून परतणारे आवाज त्यात मिसळतात आणि बोलणं पुसट होतं. कानावरचा मायक्रोफोन कितीही चांगला असला तरी तो असतो माझ्या कानावर, मुलाच्या तोंडाजवळ नाही. यावर खरा इलाज म्हणजे रिमोट मायक्रोफोन. तो बोलणाऱ्याजवळ ठेवायचा, आवाज वायरशिवाय थेट मशीनमध्ये येतो. ऑडिओलॉजिस्टने एक काही दिवसांसाठी वापरायला दिला होता. मुलांनी तो बाकांवरून एकमेकांकडे सरकवत उत्तरं दिली, आणि त्या काळात मला कुणालाही पुन्हा विचारावं लागलं नाही. विद्यार्थी आणि नोकरदारांसाठी ही वस्तू मशीनइतकीच महत्त्वाची आहे, तरी पहिल्या ठिकाणी तिचा उल्लेखसुद्धा झाला नव्हता. बैठका असणाऱ्या प्रत्येकाने ती मागून बघावी.

फोनमध्ये हे मशीन खऱ्या अर्थाने तरुणांचं वाटतं. आवाज दोन्ही कानांत थेट येतो. एका कानाला फोन लावून ऐकण्यापेक्षा दोन्ही कानांनी ऐकणं कितीतरी सोपं. व्हिडिओ कॉलवर मुलांच्या पालकांशी बोलताना मला आता स्क्रीनवर उमटणाऱ्या कॅप्शनची मदत क्वचितच लागते. पण घेण्याआधी एक तपासा: तुमचा फोन आणि हे मशीन एकमेकांची भाषा बोलतात का. आयफोनची श्रवणयंत्रांसाठी वेगळी जोडणी बरीच जुनी आहे. अँड्रॉइडमध्ये ‘आशा’ नावाची जोडणी अँड्रॉइड १० पासून आली, पण प्रत्येक फोनमध्ये ती सारखी चालत नाही. माझ्या आधीच्या फोनवर कॉल सुरू झाला की उजवा कान गप्प व्हायचा. आता जो ब्लूटूथ एलई ऑडिओ येतोय, तो २०२० मध्ये जाहीर झालेला एकच सार्वत्रिक मार्ग आहे, आणि त्यातल्या ऑराकास्टमुळे सभागृहातला आवाजही थेट कानात घेता येतो. जिथे ती सोय बसवलीय तिथेच, अर्थात. पुढची काही वर्षं हेच मशीन वापरायचं असेल तर एलई ऑडिओ असलेलंच घ्या, आणि जुन्या सभागृहांसाठी टेलिकॉइलही, म्हणजे तिथल्या वायरीच्या लूपमधून आवाज पकडणारी छोटी कॉइल, असेल तर सोन्याहून पिवळं. दुकानातच स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या माणसाला कॉल लावून बघा.

स्ट्रीमिंगने, म्हणजे फोनचा आवाज थेट मशीनमध्ये घेत राहिल्याने, चार्ज लवकर उतरतो. साध्या दिवशी सकाळी घातलेलं मशीन रात्रीपर्यंत आरामात जातं. लांबच लांब व्हिडिओ कॉल झाले की संध्याकाळी इशाऱ्याची टिंगटिंग सुरू होते. रिचार्जेबल बॅटरी आत बंद असते आणि काही वर्षांनी तिचा दम कमी होतो, तेव्हा ती बदलून देण्याची अट वॉरंटीत आहे का हे आधी वाचा. ज्यांना दिवसदिवस वीज नसलेल्या ठिकाणी फिरावं लागतं त्यांना झिंक-एअर सेलवालं मशीन सोयीचं. त्या सेलच्या मापाला रंग ठरलेला असतो, ३१२ नंबरला तपकिरी, १३ ला नारिंगी. चिकटपट्टी काढली की हवेने सेल सुरू होतो. काढल्यावर दोन-चार मिनिटं थांबून मगच मशीनमध्ये घालायचा, म्हणजे पूर्ण ताकद मिळते.

संगीताला मी कमी गुण देते. बासरीचा लांबवलेला सूर आला की मशीनला तीच शिट्टी वाटते जी दाबायला त्याला शिकवलंय, आणि ते सूर दाबायला धावतं. मग सुराला एक थरथर सुटते जी वाजवणाऱ्याने घातलेली नसते. ऑडिओलॉजिस्टने संगीतासाठी वेगळा प्रोग्राम करून दिला. त्यात शिट्टी दाबणारी यंत्रणा मंद केली, गोंगाट दाबणं बंद केलं, आवाज उचलण्याची पद्धत सौम्य केली. फरक पडला, समाधान झालं नाही. तुम्ही गात किंवा वाजवत असाल तर तुमचं वाद्य घेऊनच ट्रायलला जा.

घाम, पाऊस, धावणं यांत अजून काही बिघडलेलं नाही. खोक्यावर आयपी६८, म्हणजे धूळ आणि पाण्यापासून बचावाचा दर्जा, लिहिलेलं असलं तरी ती चाचणी स्वच्छ पाण्याची असते, घामातल्या मिठाची नाही. व्यायामानंतर मी मशीन कोरड्या कापडाने पुसते आणि रात्री सुकवणीच्या डबीत ठेवते. पोहताना काढते. आणि मशीन अचानक बंद पडलं तर घाबरण्याआधी वॅक्स गार्ड बदला. स्पीकरच्या तोंडावर मोहरीपेक्षा लहान पांढरी जाळी असते, कानातला मळ तिथे अडकला की आवाज गायब. बदलायला एक काडी मिळते, तिच्या एका टोकाने जुनी जाळी ओढून काढायची, दुसऱ्या टोकावर नवी असते ती दाबून बसवायची. मिनिटभराचं काम. हे मला कुणी पहिल्या दिवशी शिकवलं नव्हतं, दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टनी माझ्याकडून चार वेळा करून घेतलं.

हे मशीन सगळ्यांसाठी नाही. ज्यांना थोडं किंवा मध्यम कमी ऐकू येतं त्यांच्यासाठी अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या श्रवणयंत्रांचा वेगळा वर्ग आहे, १८ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ या इअरबडमधल्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरलाही परवानगी दिली. सुरुवात म्हणून ते वाईट नाही, पण दिवसभर चार्ज टिकत नाही, आणि कानात इअरबड बघून समोरचा समजतो की ही गाणी ऐकतेय. वर्गात ते चालणार नाही. एकाच कानाने अजिबात ऐकू येत नसेल तर त्या बाजूचा आवाज चांगल्या कानाकडे पाठवणारं क्रॉस नावाचं मशीन असतं. आणि दोन्ही कानांचं ऐकणं फारच गेलं असेल तर कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या यंत्राबद्दल, डॉक्टरांशी वेळेवर बोलावं, मोठ्यातलं मोठं मशीन बदलत राहू नये.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते की इअरफोन आणि मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांमुळे १०० कोटींहून जास्त तरुणांचे कान धोक्यात आहेत. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास, ही तिने घातलेली मर्यादा. माझं ऐकणं इअरफोनने गेलं नाही, तरी नववीतल्या मुलांच्या फोनवर ही मर्यादा कुठे लावायची ते मी त्यांना दाखवते. शेजारच्याच्या इअरफोनमधली गाणी मला ओळखू येतात आता, म्हणजे आवाज किती असेल!

गुण द्यायचेच तर शांत खोलीसाठी दहापैकी नऊ, फोनसाठी आठ, गोंगाटासाठी सहा, संगीतासाठी चार. पहिल्या ठिकाणच्या सेवेला गुण देण्यासारखं काही हाती आलं नाही. दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टना पूर्ण दहा. घ्यायला जाल तेव्हा मशीनची किंमत आणि बसवण्याची, मोजण्याची, नंतरच्या फेऱ्यांची किंमत वेगवेगळी लिहून मागा. परत करण्याची मुदत लेखी घ्या. पडद्यावरच्या त्या दोन रेषांचा प्रिंट मागा. मी माझा ऑडिओग्रामच्या फाइलमध्ये लावून ठेवलाय, पुढच्या तपासणीला त्यावरच नवी रेषा काढून बघणार आहोत. रिमोट मायक्रोफोनसाठी शाळेकडे अर्ज दिलाय. मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन तो चालताना बघितला आणि अर्जावर सही केली, आता खरेदीची वाट बघतेय.